नव्या वसाहती आणि मराठी शाळा
(पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगावच्या चहूबाजूंस वसाहती वाढत चालल्या आहेत. शेतात भूखंड पडतात, घरे उठतात, पाणी नि वीज मागाहून येते; आणि शाळा? ती सर्वांच्या शेवटी येते, किंवा येतच नाही. जुनी मराठी शाळा राहिली गावठाणात, नवी वस्ती मात्र हमरस्त्यापलीकडे पसरलेली. सहा वर्षांच्या पोरास तो वाहता रस्ता ओलांडावयास कोणती आई लावील? दारात येणारी खासगी शाळेची बस तिला जवळची वाटते. त्या माउलीस दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

परंतु पुढे काय घडते ते पाहा. जुन्या शाळेचा पट रोडावतो. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक; दोघांनी पाच इयत्ता सांभाळावयाच्या! हे पाहून उरलेले पालकही मुले काढून घेतात. नवी शाळा मागावी, तर अधिकारी विचारतात, मागणी कोठे आहे? सरकारी नियोजन शाळांकडून येणाऱ्या पटाच्या आकड्यांवर बेतलेले. जेथे शाळाच नाही तेथे पट कोठून असणार? विहिरीवर आलेली माणसे मोजून गावातील तहान ठरवावी, तसा हा हिशेब आहे.

वास्तविक इतकी आगाऊ कळणारी गरज दुसरी नाही. आज जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जन्मनोंदी, अंगणवाडीची हजेरी आणि मंजूर भूखंडांचा नकाशा शेजारी ठेवला की पुरे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे नववे कलम हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकते. परिसरात शाळा नसल्यास ती तीन वर्षांत उभारावी, असे सहावे कलम सांगते. कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. मुदत केव्हाच सरली. खर्चाचा भार सातव्या कलमाने केंद्र व राज्य या दोहोंवर ठेवला असून, समग्र शिक्षा योजनेत कर्नाटकासाठी त्याचे प्रमाण ६० व ४० असे आहे. तेव्हा पैसा नाही, हे उत्तर निमूटपणे ऐकून घेण्याचे कारण नाही.

आता भाषेविषयी. ज्या १९५६ साली आपणांस म्हैसूर राज्यात लोटण्यात आले, त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करून द्यावी, असे ते सांगते. त्यापूर्वी १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले एवढी अट पुरेशी मानली होती. दहा मुले तर एका गल्लीत सापडतील! सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्या वर्षी जन्मलेले मूल शाळा संपवून मोकळेही झाले.

म्हणून प्रत्येक वसाहतीने आपली यादी करावी: मुलाचे नाव, जन्मतारीख, घरची भाषा, शाळेचे अंतर. नागरी सुविधांसाठी राखलेला भूखंड कोठे आहे, हेही पाहून ठेवावे. तो मंगल कार्यालयाकडे वळला की परत मिळत नाही. यादी महापालिकेस व गटशिक्षणाधिकाऱ्यांस द्यावी. अर्ज मराठीत असावा, सोबत कन्नड प्रत जोडावी, म्हणजे भाषेच्या सबबीवर तो परत येणार नाही. आणि शिक्क्याची पोच हाती पडल्याखेरीज कचेरीतून उठू नये.