घरापासून आठशे किलोमीटरवरचे घर



ऑस्ट्रेलियाच्या नकाशात ईशान्येला, आकाशाकडे रोखलेल्या बोटासारखा जो भूभाग दिसतो, तो केप यॉर्क. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरुकुन नावाची, हजार-बाराशे वस्तीची मूळनिवासींची वसाहत आहे. घरात विक-मुंकन भाषा. इंग्रजीशी मुलांची खरी गाठ शाळेतच पडते. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात आणि बाहेरच्या जगाशी संबंध उरतो तो लहान विमानापुरता. केप यॉर्कवरील अशा अनेक वसाहतींत बारावीपर्यंतच्या शिक्षणाची सोय नाही. ते हवे असेल तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाने सुमारे ८०० किलोमीटरवरील केर्न्स शहर गाठावे, किंवा त्याहूनही दूर जावे.

आईने त्याला पाठवावे का? प्रश्न साधा वाटतो. पण तेथील आईच्या मनात तो एकटा येत नाही. त्याच्यासोबत तिच्या आजीची आठवण येते.

क्वीन्सलंड प्रांताने १८९७ साली कायदा करून मूळनिवासींना सरकारी ‘संरक्षणा’खाली घेतले. कोणी कुठे राहावे, कोणी कोणाशी विवाह करावा, हे अधिकारी ठरवू लागले. अनेक मिशन-वसाहतींत मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून सामुदायिक निवासांत ठेवले जाई. हेतू शिक्षणाचा सांगितला जाई. मुलांच्या तोंडची भाषा मात्र त्यात पुसली जाई. देशभर १९१० ते १९७० या काळात अशा ताटातुटी झाल्या. १९९७ सालच्या चौकशी अहवालाचा अंदाज असा, की या काळात दहांत एक ते तिघांत एक, इतक्या प्रमाणात मूळनिवासी मुले घरापासून तोडली गेली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमा मागितली म्हणून वसतिगृह या शब्दाची धास्ती एका दिवसात जात नाही.

अशा भूमीत २०१३ साली केर्न्समध्ये ‘एएफएल केप यॉर्क हाउस’ उभे राहिले. ही शाळा नव्हे. मुले राहतात येथे आणि शिकायला जातात शहरातील निरनिराळ्या शाळांत. आधी मुलांसाठी सोय झाली, नंतर मुलींसाठीही स्वतंत्र घर झाले. पाठीशी उभी राहिलेली संस्था धर्मादाय नाही, क्रीडासंस्था आहे : ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लांबट, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू, आणि सामने बहुधा क्रिकेटच्या प्रशस्त मैदानांवर. लोकसंख्येत मूळनिवासी जेमतेम तीन-चार टक्के. पण या लीगमधील खेळाडूंत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. मान मात्र सहज मिळाला नाही. १९९३ साली प्रेक्षकांच्या वांशिक शिव्या ऐकून निकी विन्मार या खेळाडूने अंगातला सदरा वर केला आणि आपल्या काळ्या त्वचेकडे बोट दाखवले. दोनच वर्षांनी मायकल लाँगने मैदानावरील अशाच अपमानाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा लीगला वांशिक अवहेलनेविरुद्ध नियम करावा लागला. वसाहतीतील मुलाला ही नावे ठाऊक असतात. सरकारी अधिकाऱ्यावर न बसणारा विश्वास या खेळावर बसतो, त्याचे मूळ येथे आहे.

लीगचा यात स्वार्थ नाही असे नाही. क्वीन्सलंड हा रग्बीचा बालेकिल्ला. तेथे नवे खेळाडू आणि नवे प्रेक्षक तिला हवेच आहेत. स्वार्थ उघड असला आणि त्यातून मुलाच्या हाती बारावीचे प्रमाणपत्र पडत असले, तर त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र खेळ हे आमिष आहे, मुक्काम नव्हे, याचे भान लागते. २००० साली पर्थमध्ये जेरार्ड नीशम या माजी खेळाडूने क्लॉन्टार्फ येथे असाच उपक्रम सुरू केला. तेथे शाळेत हजेरी नसेल तर संघात जागा नाही.

खरी परीक्षा मैदानावर नसते. ती रात्री दिवे मालवल्यावर असते. घराच्या ओढीने मुले रडतात. सुटीला गेलेली काही परततच नाहीत. त्यातच वसाहतीत कोणी वारले की ‘सॉरी बिझनेस’ सुरू होतो. हे दुखवट्याचे विधी आठवडे-आठवडे चालतात. नात्यागोत्याचा विस्तार एवढा, की असा निरोप वर्षात अनेकदा येऊ शकतो. त्याला केवळ गैरहजेरी मानणाऱ्या वसतिगृहातून मूल कायमचे तुटते. १९६९ पासून चालत आलेल्या ‘ॲबस्टडी’ या सरकारी साहाय्य योजनेत अशा दुःखाच्या प्रवासाचेही भाडे मिळू शकते. आकड्यांनी भरलेल्या त्या योजनेतील हे कलम लहान आहे. पण ज्याने ते घातले त्याला मुलाचे मन कळले होते.

गावातच चांगली शाळा का नको, हा आक्षेप तेथेही घेतला जातो आणि तो वाजवी आहे. केप यॉर्कच्याच होप व्हेल वसाहतीत वाढलेले विधिज्ञ नोएल पिअर्सन स्वतः ब्रिस्बेनच्या निवासी शाळेत शिकले. गावच्या प्राथमिक शाळा सुधारण्यासाठी ते झटले, तरीही मुलांनी बाहेर जावे, असेच ते सांगत आले. त्यांच्या विचारात जाणे आणि परतणे ही एकच कक्षा आहे. तीत फिरणाऱ्याचे घराशी नाते सुटत नाही.

सत्र संपले की केर्न्सच्या विमानतळावरून वसाहतींकडे लहान विमाने निघतात. उतरल्यावर मुलगा आजीशी कोणत्या भाषेत बोलतो, याकडे त्याच्या आईचे लक्ष असते.