बारा खुर्च्या

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज कोर्टातल्या बारा खुर्च्यांबद्दल बोलायचंय. आपल्याकडं आता ज्युरी नाही. १९५९ साली मुंबईत ज्युरीनं नानावटीला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं ते फिरवलं, आणि १९७३च्या फौजदारी संहितेनं ज्युरी मोडीतच काढली. मग मेलेलं मढं उकरायचं कशाला? कारण अमेरिकेत ते जिवंत आहे. आणि ज्या काळ्या पँथर्सचं नाव १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी घेतलं, ते याच बारा खुर्च्यांसमोर उभे होते.

१९६८. ओकलंड. ह्युई न्यूटनवर पोलिसाच्या खुनाचा आरोप. वकील चार्ल्स गॅरी. गॅरीनं साक्षीपुराव्याच्या आधीच लढाई सुरू केली. ज्युरीसाठी आलेल्या एकेका गोऱ्याला उभं करून काळ्यांविषयी त्याच्या पोटात काय आहे, ते बाहेर काढायला लागला. शेवटी बारांत एकच काळा बसला. पण बाकीच्यांनी त्यालाच प्रमुख निवडलं. ज्युरीनं खुनाचा आरोप मानला नाही, त्याहून कमी गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं. १९७० साली वरच्या कोर्टानं तेही रद्द केलं.

आता ही भानगड चालते कशी ते बघा. ज्युरी गाळायच्या दोन चाळण्या असतात. पहिली कारण दाखवून हरकत घ्यायची. हा आरोपीचा नातेवाईक आहे, त्यानं आधीच मत बनवलंय, असं दाखवलं की न्यायाधीश त्याला घरी पाठवतो. किती जणांना, याला मर्यादा नाही. दुसरी हरकत कारण न सांगता. वकिलाला मोजक्या हरकती मिळतात, बोट दाखवलं की माणूस बाद. सगळी मेख इथं आहे.

काळ्यांना ज्युरीत बंदी घालणारा कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १८८० सालीच रद्द केला होता. म्हणून काय झालं? दार उघडलं, उंबऱ्यावर माणूस बसवला. १९३१ साली अलाबामात स्कॉट्सबरोच्या नऊ काळ्या पोरांवर खटला झाला. पुढं सुप्रीम कोर्टात ज्युरीची वही आली. तिच्यात काळ्यांची नावं मागाहून घुसडलेली होती. १९३५ साली कोर्टानं शिक्षा रद्द केली. मग यादीत नाव येऊ द्यायचं आणि खुर्चीवर बसू द्यायचं नाही, हा नवा धंदा सुरू झाला.

१९८६ साली केंटकीच्या बॅटसन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, रंग बघून गाळायचं नाही, संशय आला तर सरकारी वकिलानं दुसरं कारण दाखवावं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल तेव्हाच म्हणाले, कारण काय, कुणीही रचेल. ही बिनकारणाची हरकतच बंद करा. म्हातारा खरा ठरला.

मिसिसिपीतल्या विनोना गावात १९९६ साली फर्निचरच्या दुकानात चार खून झाले. कर्टिस फ्लॉवर्स या काळ्या माणसावर सहा वेळा खटला चालला. सहाही वेळा सरकारी वकील तोच. गाळता येण्याजोगे काळे होते ४२. त्यानं गाळले ४१. सहाव्या खटल्यात, २०१० साली, गाळलेल्या पाच काळ्यांना मिळून १४५ प्रश्न विचारले. खुर्चीत बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. प्रश्न कमी पडले म्हणून गोऱ्यांचं ओळखपाळख, नातंगोतं उघडंच पडलं नाही. फाशी झाली. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, २०२० साली आरोप मागं घेतले गेले. तोवर माणसाची तेवीसएक वर्षं जेलात गेली.

आता मुद्दा. काळी बाई ज्युरीत आली की म्हणतात, ती पक्षपाती, तिच्या माणसांनी पोलिसांचा मार खाल्लाय. आणि ज्याच्या पोटातलं पाणीसुद्धा कधी हललं नाही, तो निःपक्षपाती! ज्याला लागलं तो आंधळा, ज्याला लागलंच नाही तो डोळस? हा कुठला हिशेब?

पण नीट ऐका. आपला माणूस गुन्हेगार असला तरी सोडा, असं आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, १४५ विचारायचे तर सगळ्यांना १४५ विचारा. १२ तर सगळ्यांना १२. निःपक्षपातीपणा कातडीवर नसतो, तो सारख्या चाळणीत असतो. इंग्लंडनं १९८८ साली बिनकारणाची हरकत बंद केली, अ‍ॅरिझोना राज्यानं २०२२ पासून. तिथली कोर्टं काही ओस पडली नाहीत.

आणि इथं? ज्युरी गेली, पण झडतीला पंच लागतातच. कायदा म्हणतो, पंच त्या भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावेत. दोस्तांनो, गावात प्रतिष्ठित कुणाला म्हणतात? वाड्यातल्याला की वस्तीतल्याला? हवालदार आधी कुणाच्या दारात जातो?

उद्या तुमच्या वस्तीत पंचनामा झाला, तर पंचांची नावं वाचा. आणि विचारा, कुणाला बोलावलं, कुणाला वगळलं, आणि का.