मुक्या पट्ट्यांची हजेरी

आज आपण विजेवर चालणाऱ्या पेटीविषयी बोलणार आहोत. मुले तिला नुसते 'कीबोर्ड' म्हणतात, आणि तिच्या थोरल्या भावंडाचे नाव सिंथेसायझर. ती वाजवावी कशी हे गायनमास्तर सांगतील. ती बिघडली तर पारखावी कशी, एवढेच मला सांगायचे आहे.

एका शाळेने लोकवर्गणीतून असे वाद्य घेतले होते. स्नेहसंमेलन दोन आठवड्यांवर आले, आणि मधल्या ओळीने आठ पट्ट्या मुक्या झाल्या. कोणी म्हणाले, "बोर्ड जळालं, आता नवीनच घ्या." झालं! वाद्य कपाटात गेलं. तपासलं मात्र कोणीच नाही.

आता असं पाहा, हार्मोनियम बिघडली की आपण आधी भाता पाहतो, मग पट्टी, मग आतला सूर. बाहेरून आत जायचे, हा जुना नियम इथेही चालतो.

पहिली परीक्षा विजेची. वाद्यावर किती व्होल्ट लिहिले आहेत आणि अडॅप्टरवर किती, ते जुळवून पाहा. अँपिअरचा आकडा वाद्याला लागतो तितका किंवा त्याहून जास्त हवा. शेजारी एक लहानसे चित्र असते. पिनेच्या मध्यभागी अधिक आहे की उणे, ते त्यावरून कळते. हे उलटे झाले तर चांगले वाद्य जळू शकते. म्हणून दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर 'बसतो आहे' म्हणून लावू नका. वाद्य सेलवर चालणारे असेल तर नवे सेल घालून पाहा. सेलवर चालले, तर दोष अडॅप्टरचा किंवा त्याच्या खाचेचा.

दुसरी परीक्षा आवाजाची. कर्ण्यातून काही ऐकू येत नसेल तर हेडफोन लावा. त्यात सूर स्वच्छ आला, तर वाद्याचे डोके शाबूत आहे असे समजा. पुष्कळदा हेडफोनची पिन खाचेत तशीच राहिलेली असते आणि तिच्यामुळेच कर्णा गप्प असतो!

तिसरी परीक्षा महत्त्वाची, आणि ती गुरुजी-बाईंना उत्तम जमेल, कारण ती हजेरीची आहे. कागदावर डावीकडून १ ते ६१ आकडे मांडा. एकेक पट्टी आधी हलके, मग जोराने दाबा आणि कशी बोलते ते लिहा. या एकसष्ट पट्ट्यांना एकसष्ट वेगळ्या तारा नसतात. बहुधा आठ-आठ पट्ट्यांचे गट करून, आडव्या-उभ्या ओळींत त्यांची जोडणी केलेली असते. वर्गात एकच मूल गैरहजर असेल तर ते आजारी असेल. पण सबंध वाडीचीच मुले आली नाहीत, तर ओढ्याला पूर आला असावा, असे आपण म्हणतो ना? तसेच हे. एकच पट्टी मुकी असेल तर तिच्याखालच्या रबरी बटणावर धूळ बसली असेल. ओळीने आठ, किंवा दर आठवी पट्टी मुकी असेल, तर सामाईक तार सुटली असण्याचा संभव मोठा. आणि एखादी पट्टी हलके दाबूनही ओरडत असेल, तर तेही टिपून ठेवा. अशा पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. ते एकामागून एक किती वेळात टेकतात यावरून वाद्य बोटाचा जोर ओळखते. त्यांतला एक मळला की हिशेब चुकतो.

चौथी परीक्षा वाद्य स्वतःच देते. मोठ्या सिंथेसायझरमध्ये बहुधा तपासणीची सोय आतच असते. ती कशी सुरू करायची हे दुरुस्तीच्या पुस्तकात असते. पडदा, दिवे, बटणे, स्मृती असे एकेक भाग ती तपासते. १९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ या वाद्यात आतल्या बॅटरीचे व्होल्टसुद्धा पडद्यावर पाहता येतात. ती बॅटरी संपली की साठवलेले ३२ आवाज बिघडतात, आणि लोक म्हणतात वाद्य गेले! पण एक सावधगिरी. अशा तपासणीत काही वाद्यांमधले साठवलेले आवाज पुसले जातात, तेव्हा आधी त्यांची नक्कल करून ठेवावी.

यापुढचे काम जाणकाराचे. थेट घरातल्या विजेवर चालणारे वाद्य उघडू नका. बटण बंद केले तरी आत वीज साठून राहू शकते.

त्या शाळेतल्या बाईंनी अखेर हजेरीचा कागद केला आणि तो वाद्याबरोबर तालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. कागद पाहून तो म्हणाला, "बाई, निम्मं काम तुम्हीच केलंत." आतल्या पट्टीवजा केबलची एक तार सुटली होती. ती त्याने डाग देऊन जोडली. संमेलनात मुलांनी त्याच वाद्यावर प्रार्थना म्हटली.

तेव्हा मंडळी, तुमच्या शाळेच्या कपाटात असे एखादे वाद्य पडून असेल, तर त्याला निकामी ठरवण्याआधी एकदा त्याची हजेरी घ्या.