हाताला काम, हाताला ऊब



मी डॉक्टर नव्हे. शाळा आठवीत सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. तरी आज आजारावर बोलणार आहे, कारण दुखणे शरीराला होते पण त्याची झळ मजुरीला लागते, आणि मजुरी हा माझा विषय आहे.

परक्या जंतूंशी लढायला शरीर एक फौज बाळगते. काही माणसांत ही फौज घरच्यांवरच उलटते. सांध्यांवर उलटली तर संधिवात. कातडी, सांधे, मूत्रपिंडे अशी अनेक ठिकाणी उलटली तर ल्युपस. यांच्याच भावकीतला एक विरळा आजार म्हणजे स्क्लेरोडर्मा. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ कठीण कातडी. बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी ताणलेल्या चामड्यासारखी होते. मूठ वळत नाही, तोंड पुरते उघडत नाही. अन्ननलिका, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांनाही धोका असतो. पुरुषांपेक्षा बायकांना हा अधिक होतो, तोही ऐन कर्त्या वयात.

पहिली खूण बहुधा बोटांवर दिसते. गारठा लागताच बोटे पांढरीफटक पडतात, मग निळी होतात, आणि ऊब लागली की लाल होऊन ठणकतात. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टराने 1862 साली याचे वर्णन केले, म्हणून याला रेनोचा विकार म्हणतात. अशी बोटे होणाऱ्या प्रत्येकाला स्क्लेरोडर्मा असतो असे नाही. पण तपासून घ्यावे हे खरे.

आता मिरकरवाडा बंदर डोळ्यांपुढे आणा. मासळी बर्फात येते. कोळंबी सोलणाऱ्या बाईचे हात तासन् तास त्या गारठ्यात असतात, आणि मजुरी सोललेल्या वजनावर. तिची बोटे बधिरली की वजन घटते. मुकादम म्हणतो, ‘ढोंग करते.’ बोटांवर जखमा झाल्या की शेजारीण कुजबुजते, ‘महारोग असेल.’ दोन्ही खोटे. स्क्लेरोडर्मा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. महारोगात चट्ट्याची संवेदना जाते, इथे जखम ठणकते. आणि महारोग तरी आज औषधाने बरा होतो. मग कुजबुज कशाला?

कायदा काय म्हणतो? अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकार मोजतो. मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात आहे, स्क्लेरोडर्मा नावाने नाही. बोटे कायमची आखडली तर अस्थिव्यंगाचा दाखला मिळू शकतो. म्हणजे हात वाचवता येण्याच्या काळात बाई कागदोपत्री धडधाकट, आणि हात गेल्यावर ती मदतीस पात्र! ही उलटी गंगा आहे.

पण एक वाट आहे, ती लक्षात ठेवा. कामगार राज्य विमा योजनेत 34 दीर्घ आजारांची यादी आहे. त्यांना दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या 80 टक्के भत्ता मिळू शकतो. त्या यादीत रेनोचा विकार आहे, फुप्फुसांचा इंटरस्टिशियल आजार आहे, मूत्रपिंडे निकामी होणेही आहे. तेव्हा अर्जावर नुसते ‘स्क्लेरोडर्मा’ लिहून थांबू नका. जे लक्षण यादीत बसते तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. अर्थात त्यासाठी आधी विम्यात नाव हवे, आणि ठेकेदाराच्या वहीतल्या बाईचे नाव तिथे असतेच असे नाही. संघटना कशाला हवी, याचे उत्तर इथे आहे.

आणखी एक गोष्ट. एडिंबरोच्या ब्रॅमवेल यांनी 1914 साली हा आजार पाथरवटांत नोंदला. इरॅस्मस यांनी 1957 साली दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणकामगारांत. सिलिकाची धूळ हे या आजाराचे एक कारण ठरू शकते. सर्वांचे नव्हे, पण काहींचे. आपल्या शेजारी सिंधुदुर्गात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तेथे धुळीवर पाणी मारणे ही मेहेरबानी मानू नये.

हा आजार मुळासकट उपटणारे औषध अजून नाही. म्हणून निराश होण्याचे मात्र कारण नाही. पूर्वी मूत्रपिंडे अचानक बिघडून रोगी महिन्यांत जात. कॅप्टोप्रिल जातीच्या औषधांनी 1980 च्या सुमारास हे चित्र पालटले. ते औषध ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले, हे फुरशांच्या मुलखातल्या श्रोत्यांना सांगायला मला मौज वाटते. म्हणून रक्तदाब नियमित मोजा. तो एकाएकी चढला, डोके फुटू लागले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. कोणाच्याही सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. मोठ्या मात्रेने या आजारात मूत्रपिंडेच बिघडू शकतात. आणि बायांनो, मशेरी सोडा. तंबाखू त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळते.

मालकांकडे मागणे थोडे आहे. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे, कोमट पाण्याची बादली, तासातासाने हात शेकण्याची सुट्टी, आणि ज्या बाईचे हात चालत नाहीत तिला बर्फापासून दूर, वजनकाट्यावर किंवा वहीवर काम. याला कारखाना बुडेल इतका खर्च येत नाही. पण तेवढ्याने एखाद्या बाईची दहा बोटे आणि घरची चूल दोन्ही टिकतील. आपल्या ओळखीच्या मालकाला, मुकादमाला एवढे उद्याच जाऊन सांगा. इतके झाले तर आजचे व्याख्यान कामी आले असे मी समजेन.