पदवी तिथली, सनद कुठली?



अध्यक्षीय भाषणासाठी मला बरेच विषय सुचवले गेले. तुंबलेले दावे, ई-फायलिंग, न्यायालयांच्या इमारती. हे सगळे महत्त्वाचे आहेतच. पण गेल्या काही वर्षांत माझ्या चेंबरमध्ये तरुण मुले-मुली जो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तो दिवाणी नाही आणि फौजदारीही नाही. “मॅडम, बाहेर जाऊन एलएलएम केलं तर तिकडे वकिली करता येईल का?” आज मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझे जुने अशील. त्यांच्या वाटणीच्या दाव्यात मी वकील होते. त्यांची मुलगी माझ्याकडे दोन वर्षे ज्युनिअर होती. एका संध्याकाळी दोघे आले. मुलीच्या हातात न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते आणि वडिलांच्या पिशवीत कर्जाचे कागद. राहते घर तारण ठेवायचे होते. मी कागद वाचून द्यावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. ते मी केले. उठताना त्यांनी विचारले, “मॅडम, वर्षभरात पोरगी तिकडची वकील होईल ना?” मी म्हणाले, “होईल की.” तीस वर्षांच्या वकिलीत न तपासता दिलेली जी उत्तरे मला आजही टोचतात, त्यांत हे पहिले आहे.

आपण ज्या नाशिकमध्ये बसलो आहोत, तिथे १८६६ साली कॉर्नेलिया सोराबजी जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली बीसीएल ही कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. पण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देऊ लागले ते १९२० मध्ये, आणि लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले १९२३ मध्ये. परीक्षा आणि बॅरिस्टरची सनद यांच्यामध्ये एकतीस वर्षे गेली. त्या काळात त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सची कायदे सल्लागार म्हणून पडदानशीन स्त्रियांच्या मिळकती राखल्या. ज्ञान त्यांच्यापाशी होते, पण ते न्यायालयात उभे राहून वापरण्याचा अधिकार नव्हता. त्यांची वाट स्त्री असण्याने अडवली होती. आजच्या मुलांपुढे तो अडसर नाही. तरीही पदवी विद्यापीठ देते आणि सनद बार देतो, ही गोष्ट १८९२ इतकीच आजही खरी आहे. प्रवेशपत्र हातात आले की नेमकी हीच गोष्ट घरोघर विसरली जाते.

आता अमेरिकेकडे वळते, कारण आपली बहुतेक मुले तिकडेच बघतात. सगळ्या अमेरिकेची मिळून एक सनद नसते. प्रत्येक राज्याचा बार वेगळा आणि नियम वेगळे. परदेशी वकिलांना वाट देणारी मोठी राज्ये म्हणजे न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया. न्यूयॉर्कचा नियम तुमचे मूळ शिक्षण दोन कसोट्यांवर तपासतो: अभ्यासाची वर्षे पुरेशी होती का, आणि तो अभ्यास इंग्लिश कॉमन लॉच्या पायावरचा होता का. दोहोंपैकी एक बाजू कमी पडली, तर तिथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठातल्या एलएलएमने ती भरून काढता येते. त्यासाठी किमान २४ क्रेडिट्स लागतात, आणि त्यांत व्यावसायिक नीतिमत्ता, कायदेविषयक संशोधन व लेखन, अमेरिकी कायद्याची ओळख आणि बार परीक्षेतले विषय ठरलेल्या प्रमाणात घ्यावे लागतात. ब्राझील, जपान किंवा फ्रान्सच्या वकिलाला हे एलएलएम बहुधा करावेच लागते, कारण त्यांचा कायदा दुसऱ्या परंपरेतला. आपली परंपरा कॉमन लॉचीच आहे. त्यामुळे इथे रीतसर तीन किंवा पाच वर्षांचे विधी शिक्षण घेतलेल्या अनेकांना एलएलएमशिवायही न्यूयॉर्कच्या परीक्षेला बसता येते. तिथल्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडे आपली कागदपत्रे पाठवून ते आधीच तपासून घेता येते. कॅलिफोर्नियात तर आपल्या देशाची सनद असलेला वकील पुढचे शिक्षण न घेता परीक्षेला बसू शकतो. मग लाखो रुपये नेमके कशासाठी खर्च करायचे, हा प्रश्न कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विचारायचा असतो. मी तो त्या बागायतदारांना विचारला नाही.

पैशाचा अंदाज सांगते. मोठ्या खाजगी विद्यापीठांचे वर्षाचे शुल्कच सत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या घरात जाते. राहणे, खाणे, विमा धरला की न्यूयॉर्कसारख्या शहरात आकडा एक लाख डॉलर ओलांडतो.

पैशापेक्षाही मुलांना फसवते ती दिनदर्शिका. अभ्यासक्रम ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो. शहरातले रस्ते ओळखीचे होतात न होतात तोच नोकरीसाठी अर्ज पाठवायची वेळ येते, कारण परदेशी वकिलांसाठी विद्यापीठांनी मिळून भरवलेल्या मुलाखती जानेवारीत असतात. तोवर पहिल्या सत्राचे गुणही नीट हाती आलेले नसतात. त्यातही मोठ्या फर्म आपल्या नव्या जागा प्रामुख्याने जेडी केलेल्या, म्हणजे तीन वर्षे तिथेच शिकलेल्या विद्यार्थ्यांतून भरतात. त्या विद्यार्थ्यांना फर्मनी उन्हाळी उमेदवारीच्या काळात पारखून घेतलेले असते. एलएलएमवाल्याला त्या रांगेत जागाच नसते. मे महिन्यात पदवी मिळते. जुलैच्या अखेरीस दोन दिवसांची बार परीक्षा. न्यूयॉर्कला ४०० पैकी २६६ गुण लागतात. तिथल्याच विद्यापीठातून जेडी करून पहिल्यांदा बसणाऱ्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण खूप वर असते, परदेशात शिकलेल्यांपैकी मात्र साधारण निम्मेच पार पडतात. निकाल लागतो ऑक्टोबरच्या सुमारास. त्याशिवाय नीतिमत्तेची वेगळी परीक्षा आणि ५० तासांचे विनामूल्य कायदेविषयक काम. तेव्हा कुठे सनद.

ही सगळी धावपळ चाललेली असताना व्हिसाचे घड्याळ थांबत नाही. शिक्षणानंतर काम करायची परवानगी, जिला मुले ओपीटी म्हणतात, ती बारा महिन्यांची. संगणक किंवा अभियांत्रिकी शिकलेल्यांना पुढे आणखी चोवीस महिने मिळतात, कायद्याला ती वाढ नाही. त्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. पुढे राहायचे तर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा हवा. त्याच्या जागा वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठातली पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्जांची निवड मार्चमध्ये होते. म्हणजे एलएलएमवाल्याच्या हातात बहुधा एकच मार्च येतो. त्यात नाव लागले तर लागले. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. त्यामुळे भारतात बसलेल्या वकिलाला लहान फर्मने बोलावून घेण्याची वाट जवळजवळ बंदच झाली आहे.

इंग्लंडचे गणित सोपे आहे. २०२१ पासून तिथे सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा मुख्य वाट आहे. पहिल्या टप्प्यात ३६० वस्तुनिष्ठ प्रश्न, दुसऱ्या टप्प्यात अशिलाशी बोलणे, युक्तिवाद, मसुदा अशी प्रत्यक्ष कौशल्ये. तिला बसायला एलएलएम लागत नाही. आधीच सनद असलेल्या परदेशी वकिलाला दोन वर्षांच्या अनुभवाची अटही नाही. एलएलएमने मिळते ती शिक्षणानंतर राहण्याची मुभा: आज दोन वर्षे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिने. कॅनडात राष्ट्रीय समिती तुमचे शिक्षण तपासून ठरावीक विषयांच्या परीक्षा द्यायला सांगते, मग उमेदवारी आणि बार. ऑस्ट्रेलियात अकरा आवश्यक विषयांपैकी तुमचे किती धरायचे ते राज्याचे मंडळ ठरवते. या दोन्ही देशांत वेळ जास्त लागतो, पण वाट सरळ आहे.

मग बाहेर जाऊन स्थिरावतात ते कोण? माझ्या पाहण्यात बहुतेक ते, जे इथून काहीतरी घेऊन गेले. इथे चार-पाच वर्षे लवादाचे काम केलेला, किंवा कंपनीच्या समभाग विक्रीचे मसुदे हाताने लिहिलेला वकील जातो, तेव्हा समोरच्याला त्याचा उपयोग आधीच कळलेला असतो. दुबईच्या आर्थिक केंद्रात इंग्रजीतून चालणारी स्वतंत्र न्यायालये आहेत, सिंगापूरला लवादाचे मोठे केंद्र आहे, आणि या दोन्हीकडे भारतीय पक्षकारांची वर्दळ आहे. तिथे भारतीय करार कायदा हाडीमाशी मुरलेला माणूस लागतो. अमेरिकेत स्थलांतराचा कायदा संघराज्याचा आहे, त्यामुळे एका राज्याची सनद असली की तो देशभर चालवता येतो. आपल्यातल्या अनेकांना पहिले काम तिथेच मिळते. आणि इथे बसलेल्या ज्येष्ठ वकिलांना आणखी एक सांगते. न्यूयॉर्कने १९७४ पासून परदेशी वकिलाला परीक्षेशिवाय कायदे सल्लागार म्हणून परवाना देण्याची सोय ठेवली आहे. अट अशी की मागच्या पाच वर्षांपैकी किमान तीन वर्षे आपल्या देशात वकिली केलेली असावी, आणि सल्ला मुख्यतः आपल्याच देशाच्या कायद्यावर द्यावा. म्हणजे तिथेही विचारली जाते ती इथली वकिलीच.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे. एलएलबीचा निकाल लागताच विमानात बसू नका. आधी सनद घ्या, आधी न्यायालयात उभे राहा. कैफियत लिहा, उलटतपासणी पाहा, करारातली चूक हुडका. मग जा. आणि जाताना कुठला बार, कुठले काम, कुठला व्हिसा हे एका कागदावर लिहून घ्या. तीनपैकी एक रकाना रिकामा राहिला तर तो भरेपर्यंत घर तारण ठेवू नका. शिष्यवृत्त्या शोधा. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जरूपाने मदत करते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती तालुक्याच्या बारपर्यंत पोहोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

परदेशी बार आपल्या मुलांना अडवतात अशी तक्रार मी ऐकते. ती करण्याआधी आपण आपल्या दाराकडेही पाहावे. १९९० च्या दशकात परदेशी फर्मनी भारतात संपर्क कार्यालये उघडली, ते प्रकरण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात आले, आणि २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की न्यायालयाबाहेरचे सल्ल्याचे कामसुद्धा वकिलीच आहे आणि त्याला इथली सनद हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी वकिलाला अधूनमधून येऊन त्याच्या स्वतःच्या देशाच्या किंवा परदेशी कायद्यावर सल्ला देण्यापुरती मोकळीक ठेवली. बार कौन्सिलने २०२३ मध्ये, आणि दुरुस्तीने २०२५ मध्ये, परस्परतेच्या अटीवर दार किलकिले केले. आपण आपल्या अशिलांच्या हितासाठी दार राखले, तसेच त्यांनीही राखले आहे. यात आकसाची भाषा नको. परस्परतेची बोलणी देशादेशांत व्हायला हवीत, आणि त्यांत जिल्ह्यांच्या वकिलांचा आवाज असायला हवा.

आता त्या मुलीबद्दल. तिने एलएलएम चांगल्या गुणांनी केले. न्यूयॉर्कची परीक्षा जुलैत काही गुणांनी हुकली, फेब्रुवारीत पास झाली. मधल्या काळात एका लहान स्थलांतर कार्यालयात अर्जांचे काम केले. मार्चमध्ये तिचे नाव लागले नाही. ती परत आली. त्यानंतर सहा महिने ती बार रूममध्ये पाय ठेवत नव्हती, कारण पहिल्या दिवशी आपल्यातल्याच कुणीतरी सर्वांसमोर विचारले होते, “का गं, हाकलली का तिकडून?” ही गोष्ट मी मुद्दाम इथे सांगते आहे. अमेरिकेतल्या मार्चने तिला जेवढे दुखावले नाही, तेवढे त्या एका प्रश्नाने दुखावले.

आज ती माझ्याच चेंबरमध्ये आहे. निफाड-दिंडोरीचे द्राक्ष निर्यातदार तिच्याकडे येतात. रॉटरडॅमला माल उतरल्यावर खरेदीदार दर्जाचे कारण सांगून पैसे कापतो, तेव्हा करारात तपासणी कुठे व्हायची, कुणाच्या अहवालाने व्हायची, वाद कुठल्या लवादाकडे जायचा, हे कलम ती आधीच लिहून ठेवते. यापूर्वी आमच्या बागायतदारांच्या हाती करार म्हणून असायचा तो ईमेलवर आलेला एक दर. तिच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. तिचे वडील मला भेटतात तेव्हा काही बोलत नाहीत, पण पाडव्याला द्राक्षांची पेटी येते.

या परिषदेपुढे माझी एक मागणी आहे. परदेशातून शिकून परतलेल्या वकिलांची जिल्हावार यादी करावी आणि प्रत्येक विधी महाविद्यालयात वर्षातून एकदा त्यांना बोलवावे. त्यांनी मुलांसमोर आपले सगळे हिशोब मांडावेत: किती खर्च आला, कुठली परीक्षा हुकली, कुठला व्हिसा मिळाला, कुठला नाही. दुपारच्या सत्रात हा ठराव येईल.

आणि ज्यांच्या बॅगेत आत्ता प्रवेशपत्र आहे, त्यांनी जेवणानंतर मागच्या ग्रंथालयात यावे. प्रवेशपत्र, कर्जाचा मंजुरीचा कागद आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम सोबत आणावा. ती मुलगी आणि मी तिथे बसणार आहोत. प्रत्येकाचा कागद ओळ न ओळ वाचू.