जोडणी आहे, पण पान उघडत नाही

लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यातील वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, ‘जोडणी झाली’ असे शब्दही उमटतात, आणि तरीही हवे ते पान काही केल्या उघडत नाही. पांढरा पडदा, गरगर फिरणारे वर्तुळ आणि थोड्या वेळाने येणारा नकार, एवढेच पदरी पडते. हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. हैदराबादसारख्या शहरात शिक्षण, नोकरी, बँकेचे व्यवहार, विजेचे बिल, फार काय सेवानिवृत्तांचा हयातीचा दाखलासुद्धा याच वाटेने जाऊ लागला आहे. तेव्हा ही अडचण म्हणजे केवळ करमणुकीत आलेला व्यत्यय नव्हे. एखाद्या मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत मध्यरात्री संपावयाची असावी आणि नऊ वाजता पान उघडेनासे व्हावे, म्हणजे त्या घरात जी धांदल उडते तिचे वर्णन करावयास नको. अशा वेळी माणूस दिसेल ते बटण दाबतो, आणि बिघाड एक असतो तेथे दोन होतात.

या गोंधळाचे मूळ एका गैरसमजात आहे. वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः वाय-फाय हा लॅपटॉप व घरातील राउटर यांच्यामधला काही हातांचा रेडिओचा दुवा होय. आकाशवाणीच्या मध्यमलहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, तर वाय-फायच्या नेहमीच्या लहरीची लांबी अवघी बारा-साडेबारा सेंटीमीटर. पडद्यावरील ते चिन्ह फक्त या दुव्याची ग्वाही देते. राउटरच्या पलीकडे गल्लीतील केबल आहे, केबलच्या पलीकडे सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे केंद्र आहे, तेथून पुढे नावांची नोंदवही ठेवणारे संगणक आहेत, आणि सर्वांत शेवटी हवे असलेले पान. या टप्प्यांपैकी कोणता तुटला आहे, एवढेच शोधावयाचे असते. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसाच येथेही तपासाचा एक क्रम आहे.

पहिला प्रश्न असा, की बिघाड एकट्या लॅपटॉपचा की साऱ्या घराचा? घरातील मोबाइल त्याच वाय-फायला जोडून एखादे पान उघडून पाहावे. मात्र त्यापूर्वी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा. हे न केल्यास मोबाइल गुपचूप आपल्या वाटेने पान आणतो आणि तपास करणाऱ्याची फसगत होते. मोबाइलवरही पान उघडले नाही, तर लॅपटॉप निर्दोष आहे असे बहुधा समजावे व राउटरकडे वळावे. फायबरच्या पेटीवर ‘लॉस’ या तीन रोमन अक्षरांपुढे तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. मग घरात कितीही खटपट केली तरी ती व्यर्थच होय.

याचे ठळक उदाहरण हैदराबादकरांनी २०२५ साली अनुभवले. त्या वर्षी १७ ऑगस्टच्या रात्री रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीतील रथाला विजेचा प्रवाह लागून पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर विजेच्या खांबांवर लोंबणाऱ्या केबली काढून टाकण्याची मोहीम वीज कंपनीने हाती घेतली, आणि शहरातील अनेक भागांत इंटरनेट बंद पडले. हे प्रकरण पुढे तेलंगण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या दिवसांत असंख्य घरांतून लॅपटॉप राउटरला व्यवस्थित जोडलेले होते, चिन्हही पूर्ण भरलेले होते. तुटली होती ती खांबावरची केबल. खांबावरचा गुंता माणसांच्या जिवाशी खेळणारा ठरू शकतो, आणि तो घाईने तोडला तर साऱ्या वस्तीचे व्यवहार थांबतात. या दोन्ही गोष्टी शहराला एकाच आठवड्यात शिकाव्या लागल्या.

तांबडा दिवा नसेल, तर यंत्रे एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी. या उपायाची पुष्कळ थट्टा होते. परंतु त्यामागे शास्त्र आहे. सतत चालू असलेल्या राउटरच्या स्मृतीत जुन्या नोंदी साचतात व त्यांपैकी एखादी चुकीचीही असू शकते. विद्युत्प्रवाह अर्धा-एक मिनिट तोडल्याने त्या पुसल्या जातात. आधी फायबरची पेटी, ती स्थिरावल्यावर राउटर व शेवटी लॅपटॉप, हा क्रम पाळावा. राउटरच्या पाठीमागील टाचणीच्या छिद्रातील बटण मात्र दाबू नये. ते राउटरला पुन्हा सुरू करीत नाही, तर त्यातील सर्व मांडणी पुसून टाकते. आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज गत्यंतर उरत नाही.

मोबाइलवर पान उघडते व लॅपटॉपवर उघडत नाही, असे आढळल्यास खरा शोध येथून सुरू होतो. हैदराबादकरांस हा भाग समजावयास सोपा जावा. या शहरात महापालिकेचे घरक्रमांक आडव्या रेघांनी जोडलेल्या आकड्यांचे असतात. पहिला आकडा प्रभागाचा, पुढचा विभागाचा, नंतरचा घराचा. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रासही असाच, फक्त टिंबांनी जोडलेला, आकड्यांचा पत्ता असतो. लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडला जाताच राउटर त्यास असा एक पत्ता देतो. बहुधा तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. लॅपटॉपच्या नेटवर्क-माहितीत १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही व लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता घेतला आहे, असे जाणावे. ज्या पाहुण्याला आपण उतरलो त्या घराचा क्रमांकच ठाऊक नाही, त्याला पत्रे कशी पोहोचणार? अशा वेळी लॅपटॉपला ते वाय-फाय विसरावयास सांगून परवलीचा शब्द नव्याने देणे व पत्ता आपोआप मिळविण्याची सोय चालू आहे ना हे पाहणे, हा उपाय होय.

पत्ता योग्य असूनही पान येत नसेल, तर संशय नावांच्या नोंदवहीकडे जातो. सुलतान बाजारात कोणी घरक्रमांक विचारीत नाही. अमक्या शाळेच्या मागे, तमक्या दुकानाच्या वर, असेच घर शोधले जाते. इंटरनेटवरही माणसे नावे लिहितात आणि यंत्रांना आकडे लागतात. प्रारंभी साऱ्या यंत्रांची नावे व आकडे अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेत एकाच यादीत ठेवले जात. यंत्रे वाढली तशी ती यादी पुरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार अनेक ठिकाणी वाटून देणारी पद्धत मांडली. तीच डीएनएस. या नामव्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेची सत्तावन्नावी परिषद ३ ते ९ नोव्हेंबर २०१६ या काळात हैदराबादेतच भरली होती, हे पुष्कळांच्या स्मरणात नसेल. व्यवस्थेवरील अमेरिकी शासनाची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली, आणि त्यानंतरची ही पहिलीच परिषद होती. देवनागरीतील ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून मराठी माणसास उपलब्ध झाले, तेही याच व्यवस्थेमुळे.

ही नोंदवही हाती लागेनाशी झाली, तर रस्ता मोकळा असूनही कोठे जावयाचे हेच लॅपटॉपला कळत नाही. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपवरील आज्ञांच्या खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा रोमन लिपीत लिहून तिच्यापुढे ८.८.८.८ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत द्यावा. आकड्याकडून उत्तर येते, पण नाव लिहिल्यास येत नाही, असे झाले तर दोष नोंदवहीचाच. अशा वेळी लॅपटॉपमधील साठवलेल्या जुन्या नोंदी पुसाव्या, आणि गरज पडल्यास नेटवर्कच्या मांडणीत डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सार्वजनिक पत्ता लिहावा. काही कचेऱ्यांचे लॅपटॉप कचेरीचीच नोंदवही वापरतात; त्यांत असा बदल विचारल्यावाचून करू नये. नोंदवहीचे महत्त्व किती, ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाने पाहिले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुकची केंद्रे परस्परांपासून तुटली, त्याच्या नावांची उत्तरे देणारे संगणक इंटरनेटवरून दिसेनासे झाले, आणि सुमारे सहा तास कोट्यवधी लोक आपल्या घरच्या राउटरला दोष देत बसले.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर काही किरकोळ दिसणारी कारणे पाहावी. लॅपटॉपचे घड्याळ व दिनांक चुकलेले असणे हे त्यांतील एक. सुरक्षित पानांस ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते. लॅपटॉपच्या मते साल वेगळेच असेल, तर ते प्रमाणपत्र त्यास खोटे वाटते व तो पान नाकारतो. जुन्या लॅपटॉपमधील लहान बॅटरी संपली, म्हणजे हा प्रकार वारंवार घडतो. कचेरीच्या कामासाठी घातलेला व्हीपीएन अथवा प्रॉक्सी घरी बंद करावयाचे राहून जाणे, हे दुसरे. सेवेची मुदत संपल्याने किंवा प्रवेशाचे पान न भरल्याने वाट अडणे, हे तिसरे. काही पाने येतात व काही अर्धवट अडकतात, अशी तऱ्हा असेल तर पाकिटांच्या आकाराचा संशय घ्यावा. नेहमीचे पाकीट १५०० बाइटांचे असते; काही जोडण्यांत त्यातील आठ बाइट वेष्टनास लागतात व १४९२ च उरतात. लहान पाकिटे सुखरूप जातात, मोठी वाटेत हरवतात. हे काम मात्र जाणकाराकडे सोपवावे.

येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. गडबडीच्या वेळी मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधून लावला, आणि पलीकडच्या गोड बोलणाऱ्याने लॅपटॉपचा ताबा घेऊन बँकेचे खातेच रिकामे केले, असे प्रकार घडतात. कंपनीचा क्रमांक बिलावरून अथवा करारपत्रावरूनच घ्यावा. अनोळखी माणसास पडदा दाखवू नये, सांकेतिक आकडा सांगू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

आणि मुदतीचे काम डोक्यावर असेल, तर दुरुस्ती बाजूस ठेवून मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करावे व लॅपटॉप त्यास जोडून आधी अर्ज पाठवावा. यात दुहेरी लाभ आहे. काम तर होतेच. शिवाय पाने उघडली, तर लॅपटॉपचे अंग धडधाकट आहे हेही सिद्ध होते, आणि दोष घरच्या जोडणीत किंवा तिच्यासाठी ठेवलेल्या मांडणीत आहे एवढे निश्चित होते.

प्रत्येक बदल एकेक करावा, तो कागदावर टिपून ठेवावा, आणि उपयोग न झाल्यास पूर्ववत करावा. कोणताही जुना कारागीर आपल्या शागिर्दास हेच सांगत आला आहे. यंत्र नवे असले तरी दोष शोधण्याची रीत जुनीच आहे. जेथवर वाट शाबूत आहे तेथवर चालत जावे, आणि जेथे ती तुटली तेथेच हात घालावा.