कापडधंद्याचे संरक्षण : कोणाचे आणि कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडविण्यासाठी बाबू गेनू रस्त्यावर आडवा झाला आणि त्या ट्रकखाली चिरडला गेला. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातून पोटासाठी मुंबईत आलेला हा तरुण गिरणी कामगार होता. त्याच्या हौतात्म्याचे स्मरण दरवर्षी केले जाते. परंतु त्यातून उद्भवणाऱ्या एका प्रश्नाला सहसा कोणी हात घालीत नाही. परदेशी कापड अडले, तर देशी गिरणीमालकाचा माल खपणार होता हे उघड आहे. त्या गिरणीत साचे चालविणाऱ्याच्या पदरात काय पडणार होते?

हा प्रश्न आज पुन्हा विचारण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जादा आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा तिरुपूरपासून नोएडापर्यंतचे तयार कपड्यांचे निर्यातदार हवालदिल झाले. त्याआधी मे महिन्यात भारत सरकारने बांगलादेशी कपड्यांची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात बंद केली होती. ‘देशी उद्योग वाचवा’ ही हाक अशा वेळी सर्व बाजूंनी उठते आणि समाजवादी कार्यकर्त्याला ती आपलीच वाटते. म्हणूनच तिची नीट तपासणी केली पाहिजे.

इतिहासाची साक्ष

परकी सत्तेच्या काळी अन्याय ढळढळीत होता. १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के जकात बसविताना सरकारने लँकेशायरच्या मालकांचे समाधान व्हावे म्हणून तेवढाच अबकारी कर भारतीय गिरण्यांच्या कापडावरही लादला. तो उठविला जायला १९२५ साल उजाडावे लागले. ह्या काळात संरक्षणाची मागणी ही राष्ट्रीय मागणी होती आणि ती न्याय्य होती.

पण संरक्षण मिळाल्यावर काय घडले? जपानी कापडाच्या लोंढ्याला तोंड देण्यासाठी १९३३ साली बिगरब्रिटिश कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढविण्यात आली. मालकांना हवी होती ती भिंत उभी राहिली. आणि नेमक्या त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांतून मजुरीकपातीचे सत्र चालू झाले. एप्रिल १९३४ मध्ये मुंबईच्या कामगारांना सार्वत्रिक संप करावा लागला तो ह्या कपातीविरुद्ध. भिंतीच्या आत नफा सुरक्षित झाला, मजुरी झाली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा धडा ह्याहून मोठा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या संपाबरोबर गिरणगाव संपत गेले. ‘स्पर्धेत गिरण्या टिकल्या नाहीत’ असे आजही सर्रास म्हटले जाते. ही स्पर्धा कोणाची होती? १९८२ साली भारतीय बाजारपेठेत परदेशी कापड जवळजवळ नव्हतेच; आयातीला दारे बंद होती. मुंबईची गिरणी मँचेस्टरने मारली नाही आणि चीननेही मारली नाही. १९५६ पासून गिरण्यांच्या मागांच्या संख्येवर सरकारने बंधन घातले होते, हे खरे. पण बंद बाजारपेठेत दशकानुदशके मिळविलेला नफा जुन्या यंत्रांच्या जागी नवी यंत्रे आणण्यासाठी फारसा वापरला गेला नाही, तो इतर धंद्यांकडे वळला, हेही तितकेच खरे आहे. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेले. तेथे कामाचे तास बारा होते आणि हजेरीपट नव्हता. कामगाराची स्पर्धा परदेशी कामगाराशी नव्हे, तर कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आपल्याच भावंडांशी लावून देण्यात आली.

पुढे उरली ती जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरबांधणीसाठी ठरवून दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. ज्या उद्योगाला राष्ट्राने संरक्षण दिले, त्याची अखेर टोलेजंग इमारतींत झाली आणि कामगार घराच्या सोडतीची वाट पाहत राहिला.

स्वस्त मजुरीचा सिद्धान्त

आता परदेशी स्पर्धेकडे वळू. मुक्त व्यापाराचे पाठ देणाऱ्या धनिक राष्ट्रांनी १९७४ पासून बहुतंतू करारान्वये गरीब देशांच्या कापडावर आणि कपड्यांवर कोटा बसविला होता. शेवटचा कोटा १ जानेवारी २००५ रोजी उठला. तीस वर्षे त्यांनी आपला धंदा सांभाळला आणि आपल्या सोयीने दारे उघडली. कोटा उठल्यावर चीन व भारत हे दोघेच बाजारपेठ व्यापतील आणि बांगलादेश बुडेल, असे भाकीत त्या वेळी अनेक तज्ज्ञांनी केले होते. चीनविषयी ते खरे ठरले. बांगलादेश मात्र बुडाला नाही. कपड्यांच्या निर्यातीत तो भारताच्या दुपटीहून पुढे गेला. भारताची तयार कपड्यांची निर्यात गेली दहा वर्षे वार्षिक १६ अब्ज डॉलरच्या आगेमागे रेंगाळत आहे.

ह्याचे कारण विचारले की निर्यातदारांचे उत्तर तयार असते : तेथे मजुरी कमी, येथे कामगार कायदे कडक. बांगलादेशातील मजुरी अत्यल्प आहे ह्यात शंका नाही. डिसेंबर २०२३ पासून तेथील किमान मासिक वेतन १२,५०० टाका ठरले, तेही आंदोलनात कामगारांचे बळी गेल्यानंतर. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गाडली गेली, हे त्या स्वस्ताईचे मोल होते. परंतु मजुरी हेच सर्वस्व असते, तर व्हिएतनामचे काय? तेथील कामगाराचे वेतन भारतीय शिलाई कामगारापेक्षा जास्त आहे. तरीही त्या देशाची कपड्यांची निर्यात भारताच्या दुपटीच्या आसपास आहे. चीनमधील वेतन तर त्याहूनही अधिक, आणि जगातील सर्वांत मोठा निर्यातदार तोच. तेव्हा स्वस्त मजुरीचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. कामगाराच्या खिशात हात घालण्याचे ते निमित्त आहे.

खरी कारणे दुसरीकडे आहेत. बांगलादेशाला युरोपीय संघाने २००१ पासून जकातमुक्त प्रवेश दिला. जगात वापरल्या जाणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक आज पॉलिएस्टर आहे, तर भारताचा कपडाधंदा मुख्यत्वे सुतीवर उभा आहे. येथील कपडेशिलाई लहान कारखान्यांसाठी राखीव होती. ते आरक्षण उठले तेव्हा शतक संपले होते. लहान कारखानदाराला राखीव क्षेत्र मिळाले, पण भांडवल, यंत्रे आणि बाजारपेठ मिळाली नाही.

साखळीची दोन टोके

‘राष्ट्रीय वस्त्रोद्योग’ हा एक उद्योग नाही. ती कापूस पिकविणाऱ्यापासून कपडा शिवणाऱ्या बाईपर्यंतची साखळी आहे, आणि तिच्यातील एकाचा कच्चा माल हा दुसऱ्याचा पक्का माल असतो. एकाला दिलेले संरक्षण दुसऱ्यावरचा कर ठरतो. म्हणून सरकार कोणाला संरक्षण देते आणि कोणाला उघड्यावर सोडते, एवढे पाहिले तरी त्याचे वर्गचरित्र कळते.

कापसाचे उदाहरण घ्यावे. २०२१ साली कापसाच्या आयातीवर सुमारे ११ टक्के शुल्क बसले. अमेरिकेचा तडाखा बसताच १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शुल्क माफ झाले. माफी आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील कापूस वेचणीला येण्याच्या तोंडावर आणि नेमका बाजारात येण्याच्या हंगामात दारे उघडी राहिली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर असताना खाजगी व्यापाऱ्याचा भाव अनेक बाजारांत त्याखाली राहिला. ज्या अमेरिकेचा कापूस त्या काळात शुल्काविना येऊ लागला, तिची कापूस अनुदाने व्यापाराचे नियम मोडतात असा निर्णय ब्राझीलच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेनेच २००५ मध्ये दिलेला आहे.

आता पॉलिएस्टर पाहावे. २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाले आणि परदेशी पॉलिएस्टर तंतू व सूत येणे अवघड झाले. देशात ह्या मालाचे मोठे उत्पादक मोजकेच आहेत. विणकर आणि कपडे-उत्पादक महाग कच्च्या मालाबद्दल ओरडत राहिले. ते आदेश मागे घेतले गेले नोव्हेंबर २०२५ मध्ये. लाखो शेतकऱ्यांचे संरक्षण काही दिवसांत निघाले, मूठभर कंपन्यांचे निघायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. ह्याहून बोलका पुरावा शोधावा लागत नाही.

साखळीच्या मधल्या कड्यांतही समानता नाही. १९९९ च्या तंत्रज्ञान उन्नयन निधीचा मोठा लाभ सूतकताईला झाला. महाराष्ट्रात शासनाचे भागभांडवल घेतलेल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या बंद पडल्या, काहींची चाती फिरलीच नाहीत. इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक मात्र व्यापाऱ्याच्या बीमवर मजुरीने कापड विणतो. सुताचा भाव चढला तर काम थांबते आणि कापडाचा भाव उतरला तर मजुरी उतरते. त्याच्याकडील कामगाराची मजुरी पिकांवर मोजली जाते, माग बंद राहिला की ती शून्य. २०२१ च्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत मदतीसाठी किमान गुंतवणूक १०० कोटी रुपयांची होती, ती २०२५ मध्ये ५० कोटींवर आणली. आठ-दहा मागांच्या धन्याला ह्या दोन आकड्यांत कोणता फरक जाणवणार?

शेवटच्या टोकाला शिलाईयंत्रावरची बाई आहे. भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर केंद्राने आणलेल्या निर्बंधांविरुद्ध एप्रिल २०१६ मध्ये बंगळूरच्या हजारो कपडे-कामगार स्त्रिया कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेविना रस्त्यावर उतरल्या आणि सरकारला तो आदेश मागे घ्यावा लागला. असंघटित समजला जाणारा हा वर्ग दुर्बळ नाही, त्याच्यापर्यंत चळवळ पोहोचलेली नाही.

कार्यकर्त्यांनी काय मागावे?

संरक्षण नको असा ह्याचा अर्थ नव्हे. आयातीचे लोंढे मोकळे सोडून श्रमिकांचे भले होत नाही. मागणी अशी हवी की संरक्षण आणि अनुदान ह्यांना अटी असाव्यात आणि त्या अटी श्रमिकांच्या बाजूच्या असाव्यात.

पहिली अट मजुरीची. ज्या कारखान्याला सरकारी पैसा किंवा जकातीचा आडोसा मिळतो, त्याचा हजेरीपट खुला असावा आणि किमान वेतन, निधी, विमा ह्यांत चूक झाल्यास मदत परत घ्यावी. दुसरी अट शेतकऱ्याची. कापसावरील शुल्क उठवायचे तर त्याच दिवशी हमीभावाच्या खरेदीची केंद्रे उघडलेली असावीत. तिसरी अट लहान विणकराची. सूतपुरवठा, प्रक्रिया आणि पतपुरवठा ह्यांची सामुदायिक व्यवस्था होईल तरच त्याची खर्चीवालेपणातून सुटका होईल. चौथी अट जमिनीची. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे केंद्राच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. उद्योगासाठी दिलेली जमीन उद्योग बंद पडल्यास समाजाकडे परत येईल, असे करारातच लिहून घेतले पाहिजे. गिरणगावात ते लिहून घेतलेले नव्हते.

एक इशारा शेवटी. बांगलादेशातील शिलाई कामगार हा भारतीय कामगाराचा शत्रू नाही. ती बाई शिवते त्या कपड्यात पुष्कळदा भारतीय सूत असते; बांगलादेश हा भारतीय सुताचा सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने भारतीय सुताची खुष्कीची वाट बंद केली, मे महिन्यात भारताने त्यांच्या कपड्यांची. ह्यात एकाही बाजूची मजुरी वाढली नाही. ढाक्यातील वेतन वाढले तर तिरुपूरच्या मालकाची एक सबब कमी होते, एवढे गणित ओळखले तरी दोन्हीकडच्या संघटनांना एकमेकींचे महत्त्व पटेल.

बाबू गेनूने ट्रक अडविला तो देशासाठी, गिरणीमालकाच्या तिजोरीसाठी नव्हे. देशी उद्योग वाचविण्याची घोषणा कार्यकर्त्यांनी अवश्य द्यावी. मात्र ती देण्यापूर्वी त्या उद्योगाच्या हजेरीपटावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, हे आपल्या गावच्या कारखान्यात जाऊन पाहून यावे.